कोपऱ्यातली सही

गगनबावड्याच्या पुढे रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेने. कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटरवरचं हे घाटमाथ्यावरचं गाव गगनगड, गगनगिरी महाराजांचा मठ आणि धो धो पाऊस यांसाठी सगळ्यांना माहीत आहे. अक्षर, चिन्ह आणि रंग यांवर पोट असलेल्या आपल्यासारख्यांनी मात्र ते आणखी एका कारणासाठी पाहावं. एमएच ०९ आणि एमएच ०७ च्या गाड्या इथे समोरासमोर येतात. खालून मासे, आंबा, जांभ्याचा चिरा वर येतो. वरून गूळ, साखर, भाजीपाला खाली जातो. यांतल्या जवळपास प्रत्येक गाडीच्या कपाळावर, कुशीवर किंवा पाठीवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं, आणि चढणीला लागलेली गाडी इतकी हळू चालते की ते लेखन निवांत वाचता येतं.

या लेखनातला सर्वांत नवलाचा प्रकार सर्वांत लहान जागेत घडला आहे. ती जागा म्हणजे नंबर प्लेट. ४१४१ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहून पाहा. चाराला जरासा बाक द्या, एक सरळ उभा ठेवा, वरून शिरोरेघ ओढा, की ‘दादा’ तयार. २१४ चं ‘राम’ होतं, ४९१२ चं ‘पवार’. ८०५५ ला शिरोरेघही लागत नाही, तो रोमन लिपीतच ‘बॉस’ आहे. आता त्या चाराकडे नीट बघा. ‘दादा’मध्ये तो द आहे, ‘राम’मध्ये म आणि ‘पवार’मध्ये प. २०२२ मध्ये उत्तराखंड पोलिसांनी अशाच एका प्लेटचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला होता. क्रमांक तोच, ४१४१. पण तिथे तो ‘पापा’ असा वाचायचा होता. आकडा एकच असताना अक्षर ठरलं ते शेजारच्या अक्षरावरून आणि वाचणाऱ्याच्या भाषेवरून. अक्षराची ओळख त्याच्या नेमक्या कोणत्या अवयवात असते, किती काढून टाकलं तरी ते वाचता येतं, हा आपल्या अभ्यासक्रमांतला अवघड धडा आहे. रेडियमच्या दुकानात प्लॉटरसमोर बसलेल्या मुलांनी तो गिऱ्हाइकाच्या हट्टापायी, हातभर लांबीच्या पट्टीवर सोडवून दाखवला. काना आणि शिरोरेघ एवढं दिलं, की उरलेलं काम मराठी डोळा स्वतः करतो, हे त्यांना सरावाने कळलं होतं.

या प्लेट बेकायदा होत्या आणि त्या जाव्यात, हे माझं स्पष्ट मत आहे. धडक देऊन पळालेल्या गाडीचा क्रमांक साक्षीदाराला वाचता येत नसेल, तर त्या कारागिरीचं कौतुक कुणी करू नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, सक्तीची झाली. ॲल्युमिनियमचा पत्रा, एकाच ठरावीक वळणाचे उठावाचे आकडे, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवला की तोडल्याशिवाय न निघणारा लॉक. आता जुन्या गाड्यांनाही तीच बसते आहे. थोड्या वर्षांत ‘दादा’ आणि ‘राम’ रस्त्यावरून पूर्ण नाहीसे होतील. इंटरनेटवर त्यांचे फोटो भरपूर उरतील. मात्र त्यांतल्या बहुतेकांसोबत गाव, वर्ष, दुकान, हात यांतलं काहीच नसेल. चुटका म्हणून ते फोटो टिकतील, पण अभ्यासाचं साधन म्हणून ते निरुपयोगी ठरतील.

हे आपल्याच हातून घडतं आहे आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

भिंत किंवा पाटी रंगवणारा पेंटर आपलं नाव लिहीत नाही, असं नाही. तो लिहितो. काम पुरं झालं की खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, उरलेल्या रंगाने, बारीक अक्षरांत: नाव, गाव, मोबाइल नंबर. ही त्याची सही आणि तीच त्याची जाहिरात. आपण फोटो काढतो तेव्हा आपल्याला मधली मजा हवी असते. उफराटं पडलेलं जोडाक्षर, दुकानाच्या नावातून निघालेला साप, तीन रंगांच्या सावल्यांचा ‘श्री’. मोबाइलच्या चौकटीत तेवढंच बसवलं जातं आणि कोपरा कापला जातो. तो फोटो एखाद्या पेजवर जातो, तिथे त्या पेजचा शिक्का बसतो. दुसरं पेज तो शिक्का पुसून आपला लावतं. पुढे तो ‘भारतीय रस्त्यांवरची अक्षरं’ अशा एखाद्या संग्रहात विसावतो, तिथून कुणाच्या तरी पॅकेजिंगमध्ये उतरतो. या साखळीत प्रत्येकाला काही ना काही मिळालं. ज्याला त्या बारीक नंबरावर एखादा फोन येऊन पुढचं काम मिळालं असतं, तो पहिल्याच पायरीवर बाहेर पडला.

कोल्हापूरच्या परिसरात हे होणं मला विशेष लागतं. इथे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटांपर्यंत पोचले, त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला, आणि इतिहासात ते नोंदले गेले ते बाबूराव पेंटर म्हणून. ज्या गावाने धंद्याचं नाव आडनावासारखं मानाने लावलं, त्याच जिल्ह्यातल्या घाटवाटेवरच्या पेंटरला आपण फोटोतून कापतो.

उलट उदाहरणही आपल्याच पिढीतलं आहे. हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प उभा केला. गावोगावच्या पेंटरकडून पूर्ण वर्णमाला लिहून घ्यायची, तिचा फाँट करायचा, आणि त्या फाँटला पेंटरचंच नाव द्यायचं: ‘पेंटर कफील’, ‘पेंटर उमेश’. विक्रीतला वाटाही त्यांना. ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर भरलेलं कलाप्रदर्शन याच संस्थेचं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हनीफ अकाली गेले. त्यांच्या कामाबद्दल बोलताना रंगीत नमुने दाखवले जातात, पण मला त्यांचा सर्वांत मोठा निर्णय नामकरणाचा वाटतो. फाँटच्या यादीत पेंटरचं नाव घातल्यामुळे तो कापून टाकणं अशक्य झालं. फाइल वापरायची तर नाव उच्चारावंच लागतं.

आपल्या टेबलावर काय चाललं आहे, तेही पाहू. मराठी फलक, जाहिराती आणि संकेतस्थळं यांत ‘मुक्ता’ हा फाँट किती दिसतो, हे तुम्हाला सांगायला नको. तो गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी रचला, ‘एक टाइप’ने प्रसिद्ध केला आणि मुक्त परवान्यावर सर्वांना दिला. परवाना तुमच्या फलकावर त्यांचं नाव छापायला सांगत नाही. पण वर्षानुवर्षं ज्याच्या अक्षरांवर आपण बिलं फाडतो, त्याचं नाव आपल्या कार्यालयातल्या नव्या मुलाला विचारून बघा.

नाव सोबत असलं की काय घडतं, याचा मोठा दाखला २०२५ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. २२ जून रोजी मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या संग्रहात मॉडेलच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला आल्या. वर्णनात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. लोकांनी त्या पाहताक्षणी ओळखल्या आणि समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. काही दिवसांतच कंपनीला महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य करावं लागलं. जुलैत तिची माणसं कोल्हापुरात आली. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या महामंडळांशी करार झाला: इथे बनवलेल्या सुमारे २,००० जोड चपला, किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो.

त्या गदारोळात रागाचा वाटा किती आणि तयारीचा किती, हा विचार आपण करायला हवा. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या नावाने. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कसं कमावतात, तळ चामड्याच्या वादीने कसा शिवतात, कान आणि वेणी कुठे येतात, हे सगळं कागदावर होतं. पुष्कळ जोडांत तळाच्या थरांमध्ये विंचवाच्या बिया घालतात आणि त्यांमुळे चालताना ती करकर वाजते, हे ठाऊक असलेली माणसं होती. जगातल्या मोठ्या फॅशन कंपनीला उत्तर देता आलं ते या नोंदींच्या बळावर. त्याच वर्षी लिडकॉमने चपलेवर क्यूआर कोड आणला. तो स्कॅन केला की कारागिराचं किंवा कारखान्याचं नाव, जिल्हा, पद्धत आणि कच्चा माल समोर येतो. आपल्या धंद्याच्या दृष्टीने त्या वर्षातली ही मला सर्वांत मोलाची रचना वाटते. दिसायला तो एक काळा-पांढरा चौकोन आहे, पण कोपऱ्यातली सही कापता येणार नाही अशा जागी त्याने नेऊन ठेवली. ती सही स्कॅन करणाऱ्याला खरोखरच एका माणसापर्यंत पोचवते की नुसत्या खाते क्रमांकापर्यंत, यावर पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल.

आता परत घाटमाथ्यावर. गगनबावड्याचा पाऊस दृश्यकलेचा कठोर परीक्षक आहे. भिंतीवरचा ऑइल पेंट शेवाळाखाली जातो, पत्र्याची पाटी कडेपासून गंजते, आणि फ्लेक्स? फ्लेक्सचं इथे दुसरं आयुष्य सुरू होतं. पीव्हीसीचा थर चढवलेलं ते कापड पाणी आत येऊ देत नाही. त्यामुळे कार्यक्रम उरकला की ते उतरतं आणि पावसाळ्याआधी गोठ्याच्या पश्चिमेच्या बाजूला, सरपणाच्या ढिगावर, मोटरसायकलवर जाऊन बसतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे नेते हात जोडून चार महिने पाऊस अडवतात. अशा दृश्यांचे फोटो हसण्यासाठी फिरतात. मला त्यात वापरणाऱ्याने केलेली रचना दिसते. बाजू कोणती आत घ्यायची, दोरीसाठी कडा कुठे दुमडायची, छपाई उन्हाकडे ठेवली की कापड लवकर तडकतं की उशिरा, हे ज्ञान त्या घरातल्या बाईमाणसांकडे आणि गड्यांकडे आहे. फ्लेक्सची फाइल पाठवणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्यांना कधी काही विचारलं आहे? मोजमाप ठरवताना, कडेला किती जागा सोडायची हे ठरवताना, त्यांच्या उत्तराचा उपयोग होईल.

नाव मिळणारच नाही अशाही जागा असतात. याच तालुक्यात पळसंबे गावाजवळ, ओढ्याच्या काठी, झाडीत, रामलिंगाची एकाश्म देवळं आहेत, सबंध पाषाण कोरून काढलेली. पावसाळ्यात तिथे रील करायला झुंबड उडते आणि रीलमध्ये जागा बहुतेक वेळा ‘गुप्त ठिकाण’ असते. कोरणाऱ्याचं नाव कुणी मागत नाही. पण गावाचं नाव लपवण्यात कसलं कलाप्रेम आहे? गाव लिहावं, दगड कुठला ते लिहावं, टाकीच्या खुणा दिसतात का ते बघून लिहावं, आज देवाची पूजा कोण करतं ते विचारून लिहावं. त्या लोकांच्या लेखी ते ठिकाण कधीच गुप्त नव्हतं.

या मासिकाच्या शेवटच्या पानावर आपण वाचकांनी पाठवलेले विलक्षण नमुने छापतो: बोळकांडीतल्या पाट्या, ट्रकची मागची फळी, एसटीचे जुने मार्गफलक, मंडळांची बोधचिन्हं. ते पान लोकप्रिय आहे, आणि आजवर तिथे बहुतेक फोटोंखाली फक्त पाठवणाऱ्याचं नाव येत गेलं. पुढच्या अंकापासून ही पद्धत बदलते आहे. फोटो पूर्ण हवा, चारही कोपऱ्यांसकट. गाव, रस्ता आणि महिना हवा. पेंटर, रेडियमवाला किंवा फ्लेक्सचा आर्टिस्ट भेटला असेल तर त्याचं नाव आणि ते छापायला त्याची संमती हवी. त्याला नाव नको असेल तर तसं लिहा, आम्ही नुसतं गाव छापू. कुठला ब्रश, कुठला रंग, किती वेळ, मजुरी चौरस फुटावर की अक्षरावर, यांतलं जे कळेल ते चार ओळींत लिहा. भेट झाली नाही, तर कुणाकडे चौकशी केली तेवढं तरी कळवा.

रेडियमच्या दुकानांसाठी वेगळी विनंती. एचएसआरपीमुळे उतरवलेल्या जुन्या प्लेट अजून दुकानांच्या मागच्या बाजूला पडलेल्या असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि तळकोकणातल्या वाचकांनी त्या भंगारात जायच्या आत पाहाव्यात, कापणाऱ्याशी बोलावं, त्याच्या संगणकात जुन्या फाइली असतील तर त्यांची प्रत मागावी. फोटो छापताना मालकाची ओळख पटणार नाही अशा बेताने क्रमांकाचा पुढचा भाग आम्ही झाकू. अशा पुरेशा नोंदी जमल्या, तर दिवाळीच्या सुमारास एक पुरवणी काढायची आहे. तिचं मानधन फोटो पाठवणाऱ्याला आणि अक्षर करणाऱ्याला निम्मं-निम्मं दिलं जाईल. त्यासाठी दोघांचेही पत्ते सोबत पाठवा.