कागदावरचा संघ

उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या राष्ट्रीय लीगमध्ये ३२ संघ आहेत. हंगामापूर्वी कल्पित संघ बांधणारे चाहते त्यांतूनच खेळाडू निवडतात. प्रत्यक्ष सामन्यांतील गोल व साहाय्ये यांवर त्यांचे गुण ठरतात. २०२२-२३ मध्ये एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने ६४ गोल व ८९ साहाय्ये नोंदविली. पहिल्या निवडीसाठी त्याचेच नाव अनेकांच्या मुखी असते. फ्लोरिडाने २०२४ व २०२५ असा सलग दोनदा स्टॅन्ली चषक जिंकला. परंतु त्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये सराव शिबिरातच कर्णधार बार्कोव्हचा गुडघा दुखावला. ज्यांनी घाईने त्याला आधीच निवडले, त्यांचे भांडवल हंगाम उघडण्यापूर्वीच अडकले. गतवर्षीचा ताळेबंद कितीही देखणा असो, आजची पत पाहिल्यावाचून सौदा करू नये. निवड शिबिरानंतर व्हावी आणि राखीव खेळाडूंची गंगाजळी हाताशी असावी.