यंत्र नवे; हात कोणाचा?

शहरातील मोठ्या रुग्णालयांच्या अलीकडच्या जाहिराती वाचल्या म्हणजे शस्त्रक्रिया शल्यविशारद करीत नसून एक यंत्रच करते, असा भाबड्या वाचकाचा समज व्हावा. वस्तुस्थिती अशी की, ज्यास रोबो म्हणतात ते हे यंत्र स्वतःहून एक टाकाही घालीत नाही. शल्यविशारद रुग्णापासून काही फुटांवर बसून विस्तारित चित्र पाहतो, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली सूक्ष्म होऊन रुग्णाच्या शरीरात शिरलेल्या उपकरणांपर्यंत पोचतात. हाताचा कंप मधल्यामध्ये गाळला जातो, हे खरे. परंतु निर्णय माणसाचा आणि चूकही माणसाचीच. म्हणून रुग्णाने यंत्राची चौकशी करण्यापूर्वी ते चालविणाऱ्या हाताची चौकशी करणे अगत्याचे आहे.

नव्या तंत्राविषयी आमच्या मनात अढी नाही. असण्याचे कारणही नाही. मुंबईत डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ मध्येच दुर्बिणीने उदरपोकळीची तपासणी सुरू केली होती, आणि १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढले, ते देशात प्रथमच. पूर्वी ज्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आठवडाभर खाटेवर पडून राही, ती आटोपून आज तो दोन दिवसांत घरी जातो. हातावर पोट असलेल्या माणसाला याचे मोल किती, हे सांगावयास नको.

तथापि चिरा लहान म्हणजे परिणाम चांगला, हे समीकरण सर्वत्र खरे ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील ६३१ स्त्रियांवर अनेक देशांत झालेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या गटात साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण शेकडा ९६.५ होते, लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया झालेल्या गटात ते शेकडा ८६ भरले. दुसऱ्या गटातील बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीने व थोड्या रोबोच्या साह्याने झाल्या होत्या. नवी पद्धत जुनीपेक्षा उणी नाही, एवढेच सिद्ध करावयास निघालेल्या संशोधकांच्या पदरी नेमके उलटे उत्तर पडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील रोबो-शस्त्रक्रियांबाबत सावधगिरीची सूचना काढली. आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या खालोखाल याच रोगाचा क्रमांक लागतो, तेव्हा ही गोष्ट दूरची समजून सोडून देता येणार नाही. गुदाशयाच्या कर्करोगावर रोबो साध्या दुर्बिणीपेक्षा निर्विवाद सरस असल्याचे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. खर्च मात्र वाढतो.

मग फरक पडतो तो कशाने? अमेरिकेतील मिशिगन राज्यात या प्रश्नाचा मोठा मार्मिक शोध घेण्यात आला. लठ्ठपणावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस शल्यविशारदांनी आपल्या कामाचे एकेक चित्रीकरण, तेही स्वतःच निवडलेले, पाठविले. नाव न सांगता ते समव्यवसायी शल्यविशारदांना दाखवून गुण मागविण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तळाच्या चौथाईतील शल्यविशारदांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा १४.५, तर वरच्या चौथाईत ते शेकडा ५.२ होते. शस्त्रक्रिया एकच, हात निराळे.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे २०१५ मध्ये रोबोच्या साह्याने हृदयाची झडप दुरुस्त करण्याचा प्रयोग झाला आणि रुग्ण दगावला. त्या देशातील तशा प्रकारची ती पहिलीच शस्त्रक्रिया होती. २०१८ मधील मृत्युचौकशीत उघड झाले की, शल्यविशारदाला प्रत्यक्ष मार्गदर्शनाखालील पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नव्हते, आणि साह्यास बोलाविलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्यापूर्वीच निघून गेले होते. ज्या रोगावर रूढ पद्धतीने तो रुग्ण बहुधा वाचला असता, त्यावर नवे यंत्र वापरले गेले.

शिकण्याची अडचण यंत्राच्या रचनेतही आहे. उघड्या शस्त्रक्रियेत कनिष्ठ डॉक्टर टेबलाच्या दुसऱ्या बाजूस उभा राहतो, हातात अवजार धरतो, आणि गुरूच्या डोळ्यांदेखत एकेक पायरी चढतो. रोबोचे आसन बहुधा एकच असते. त्यावर वरिष्ठ बसला की कनिष्ठाच्या वाट्याला पाहणे उरते. आणि पोहणे काठावरून पाहून कोणाला येत नाही. दोन आसनांची यंत्रे आहेत, पण ती अधिक महाग. प्रारंभीच्या शिक्षणाचा मोठा भार यंत्र विकणाऱ्या कंपन्यांवर पडतो, हे तर फारच विपरीत. जो पुस्तक विकतो त्यानेच परीक्षा घ्यावी आणि त्यानेच प्रशस्तिपत्र द्यावे, अशी व्यवस्था कोणत्या शाळेत चालवून घेतली जाईल?

शल्यविशारदांच्या निकालांची जाहीर नोंद ठेवली तर ते अवघड रुग्ण टाळतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. न्यूयॉर्क राज्यात हृदयशस्त्रक्रियांचे निकाल १९९० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा हीच भीती व्यक्त झाली होती. म्हणून तेथे रुग्णाची मूळ प्रकृती हिशेबात घेऊन आकडे मांडतात. आपल्याकडे तूर्त तेवढी मजल न मारता आली तरी चालेल. ज्या विमा नियामकाने रोबो-शस्त्रक्रियेचा आधुनिक उपचारांत समावेश करून तिला विम्याच्या कक्षेत आणले, त्याने विमा कंपन्यांमार्फत रुग्णालयांकडून शस्त्रक्रियांची संख्या, गुंतागुंत आणि मध्येच पोट उघडावे लागल्याचे प्रसंग, एवढी माहिती तरी मागवावी.

आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने एक परिपत्रक काढावे. अशा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर रुग्णाची सही घेण्यापूर्वी, शल्यविशारदाने ही शस्त्रक्रिया या यंत्रावर आजवर किती वेळा केली, त्यांपैकी किती कोणाच्या देखरेखीखाली, आणि याच रोगावर उघडी शस्त्रक्रिया करण्याचा पर्याय आहे किंवा नाही, हे त्याच कागदावर मराठीत लिहून देण्याचे बंधन त्यात असावे.