सागराचा इशारा आणि शाळेची नोंदवही

श्रावणी पौर्णिमेस कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर सागराला नारळ अर्पण करण्याची रीत फार जुनी आहे. जून-जुलैमधील मासेमारीवरील बंदी तोवर उठलेली असते, आषाढात खवळलेले पाणी निवळू लागते आणि होड्या पुन्हा दर्यात लोटल्या जातात. ‘दर्या शांत झाला’ असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु सारेच सागर एका पंचांगाने चालत नाहीत. आपल्याकडे नारळ पाण्यात पडतो, त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास अटलांटिक महासागराचा सर्वांत भयंकर काळ सुरू होतो.

तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध. जमीन लवकर तापते व लवकर निवते. सागराचे तसे नाही. जून-जुलैचे ऊन तो पोटात साठवीत राहतो आणि उन्हाळा सरता सरता त्याचे पाणी सर्वाधिक उष्ण होते. पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की वादळाचे इंधन सिद्ध झाले म्हणावयाचे. आफ्रिकेवरून निघालेले हवेचे क्षोभ केप व्हर्दे बेटांच्या बाजूने पश्चिमेकडे सरकू लागतात. त्यांपैकी बहुतेक वाटेतच विरतात. परंतु एखाद्यास अनुकूल स्थिती लाभली, की उष्ण पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा अधिकच वेगाने वर जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे भोवतालचे वारे चक्राकार फिरू लागतात. हेच तिकडचे ‘हरिकेन’. त्याचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात. पण कळस येतो तो १० सप्टेंबरच्या आसपास.

मग याच दिवसांत अरबी समुद्रात चक्रीवादळे का होत नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या मोसमी वाऱ्यांत आहे. खालच्या थरात नैऋत्येचे वारे, तर फार उंचावर पूर्वेकडून येणारे जोरदार वारे. या ओढाताणीत वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. शिवाय मोसमी वारे समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आणतात. म्हणून आपल्याकडे हा काळ मोठ्या लाटांचा असतो. चक्रीवादळे येतात ती बहुधा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. २०२१ च्या मे महिन्यात आलेले ‘तौक्ते’ आपल्या स्मरणात आहेच. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस कच्छजवळ उद्भवलेले ‘असना’ हा दुर्मीळ अपवाद होय.

हे सर्व भूगोलाच्या पुस्तकात सापडेल. आम्हांस सांगावयाचे आहे ते पुढेच.

क्युबातील हवाना नगरात बेलेन नावाचे एक विद्यालय होते आणि त्या विद्यालयाची स्वतःची वेधशाळा होती. १८७० साली बेनितो विन्येस हे धर्मगुरू तिचे संचालक झाले. वायुभार किती उतरला, वारा कोठून वाहतो, उंचावरील पिसांसारखे ढग कोणत्या दिशेस पसरत आहेत, यांच्या नोंदी ते दररोज नेमाने ठेवीत. त्या काळी ना उपग्रह होते, ना बिनतारी संदेश. तरी त्या नोंदींच्या आधारे १८७५ च्या सप्टेंबरात त्यांनी येणाऱ्या वादळाची सूचना आगाऊ प्रसिद्ध केली. वादळ होऊन गेल्यावर ते गावोगाव हिंडून पडझड पाहत, लोकांच्या हकीकती टिपून घेत. १८९३ साली त्यांचे देहावसान झाले. परंतु नोंदवही मिटली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्युबावरून पुढे गेले. ते पश्चिमेस मेक्सिकोच्या आखाताकडे जाईल, असे हवानाच्या निरीक्षकांचे मत होते. त्या वेळी क्युबा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली होता आणि तेथील हवामानाच्या तारा बाहेर जाऊ देण्यास अमेरिकेच्या हवामान खात्याने प्रतिबंध करविला होता. खात्याचा स्वतःचा अंदाज असा, की वादळ फ्लोरिडाकडे वळेल. ते वळले नाही. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधील गॅल्व्हस्टन या बेटावरील शहरावर कोसळले. शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट. चढलेले पाणी सुमारे १५ फूट! किमान ६,००० माणसे मेली. काही अंदाज १२,००० पर्यंत जातात. वादळाने या शहराचे फारसे बिघडणार नाही, असे तेथील हवामान-अधिकाऱ्याने १८९१ सालीच वृत्तपत्रात लिहिले होते. त्या रात्री त्याची स्वतःची पत्नीही बुडाली.

ज्ञान नव्हते म्हणून हा अनर्थ झाला काय? नाही. ज्ञान होते, ते परक्याचे, लहान देशाचे, म्हणून ऐकावेसे वाटले नाही. आमच्या मते वादळाहून हा अहंकार अधिक घातक होय. याउलट आपल्याच देशातील उदाहरण पाहा. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर आलेल्या महावादळात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा वेळीच सुमारे दहा लाख लोकांस हलविण्यात आले आणि मृतांची संख्या दोन अंकी राहिली. फरक पडला तो इशारा ऐकून आधीच केलेल्या सिद्धतेने.

कोणी म्हणतील, ‘आज उपग्रह आहेत, भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करीत आहे, दूरध्वनीवर इशारा घरबसल्या मिळतो, मग शाळेच्या मुलांनी काय करावयाचे?’ आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु इशारा मिळणे वेगळे आणि तो समजणे वेगळे. ज्याने वायुभारमापकाचा पारा कधी उतरताना पाहिलाच नाही, त्यास ‘कमी दाबाचे क्षेत्र’ हे केवळ शब्द. आकाश निरभ्र दिसते म्हणून होडी लोटणारा माणूस मूर्ख नसतो; दूरवरच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा निरभ्र आकाशाखालीही किनाऱ्यावर येतात, हे त्यास कोणी समजावून दिलेले नसते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक, एक वायुभारमापक, एक वातकुक्कुट आणि एक जाडशी नोंदवही असावी. आठवीच्या वर्गाने पाळीपाळीने रोज ठराविक वेळी नोंद करावी. सुटीतही खंड पडू देऊ नये. हवामान विभागाचा त्या दिवसाचा इशारा शेजारच्या रकान्यात लिहावा आणि तो फळ्यावर सोप्या मराठीत मांडावा. ज्यांचे वडील, आजोबा दर्यावर जातात, त्या मुलांनी घरातील वृद्धांचे ठोकताळेही वहीत टिपावेत. ते कोठे जुळतात, कोठे चुकतात, हे चार वर्षांच्या नोंदींवरून आपोआप कळेल.

सागरास नारळ अवश्य अर्पण करावा. कृतज्ञता ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र नारळ वाहून घरी परतल्यावर त्या दिवसाचा वायुभार वहीत लिहावयास विसरू नये. ज्या घरचा माणूस दर्यावर गेला आहे, त्या घरास या दोन्ही गोष्टींची गरज आहे.