पाली घोकायची नाही, बोलायची, तीही मराठीतून

आमच्या मलकापुरातल्या पोरांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ आहे. पण 'वेरमणी' म्हणजे काय असं विचारलं की ती एकमेकांकडं बघतात, आणि मागं बसलेले आईबापही. भटजीनं म्हणायचं आणि आपण न समजता हात जोडायचे, यातून आम्ही १९५६ ला बाहेर पडलो ना? मग विहारात तेच का?

म्हणून दर रविवारी आम्ही मुलांना पाली बोलायला शिकवतो, मराठीतून. 'गच्छामि' त्यांना वंदनेतून माहीत आहेच. 'अहं घरं गच्छामि' म्हटलं की सात वर्षांची पोरगीही हसून सांगते, मी घरी जाते. 'कुहिं गच्छसि?' तर आता गल्लीत ऐकू येतं. कण्ण म्हणजे कान, हत्थ म्हणजे हात, सत्त-अट्ठ म्हणजे सात-आठ. एवढं भांडवल पोरांच्या तोंडात असताना मराठी बाजूला कशाला ठेवायची?

काही कार्यकर्ते म्हणतात, ही संस्कृत संभाषण शिबिरांची नक्कल आहे. तिथं मातृभाषा टाळून थेट संस्कृत बोलायला लावतात. आमच्याकडं मुलाची भाषा आधी. युरोपात कोमेनियसनं १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात लॅटिनशेजारी जर्मन छापली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, बुद्धवचन छंदात बांधू द्या म्हणणाऱ्या दोन ब्राह्मणकुळातल्या भिक्खूंना तथागतांनी नकार दिल्याचं चुल्लवग्गात आहे. 'सकाय निरुत्तिया' शिका, असं त्यांनी सांगितलं. बुद्धघोषांनी त्याचा अर्थ मागधी असा लावला. आम्ही तो 'ज्याच्या त्याच्या भाषेत' असा घेतो, कारण तसं नसतं तर नकाराला अर्थच उरत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: पालीनं पोट भरतं का, इंग्रजी शिकवा. इंग्रजी शिकवतोच, शनिवारी. पण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत नाकारलं, फारशी घ्यावी लागली. त्याच माणसानं पुढं पालीचा कोश रचायला घेतला, तोही इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती अर्थांसह. शासनाच्या सोळाव्या खंडात तो आहे. त्यांना कामं कमी होती म्हणून का?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी आणि पाली दोघींना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. विद्यापीठांत परिसंवाद होतील, होऊ देत. आमच्या वर्गाला मात्र सात-आठ वर्षांच्या पोराला चालेल असं चित्रांचं पाली-मराठी पुस्तक पाहिजे. तोवर आम्ही हातानं पानं लिहितो आणि कराडला जाऊन झेरॉक्स काढतो. ज्यांना पाहिजेत त्यांनी मागावीत, चुका दिसल्या तर कळवाव्यात.