गायकाची सही आणि कंपनीचा करार

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि येथील सोयाबीन-तुरीला नागपूरची वाट जवळची झाली. परंतु मालाच्या आधीच या भागातील गाणे दूरवर पोहोचू लागले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घराघरांत नेलेले खंजिरीचे भजन, वस्त्यावस्त्यांतून रात्र जागवणारी भीमगीते, पोहरादेवीच्या यात्रेत ऐकू येणारी बंजारा गीते ही या परिसराची जिवंत गानपरंपरा होय. मोबाइल फोनच्या साह्याने तिच्यातील एखादा आवाज आज एका रात्रीत लाखो कानांपर्यंत जाऊ शकतो. तो तेथवर गेला, की ध्वनिमुद्रण कंपनीचा माणूसही फार दूर राहत नाही. तो येतो तेव्हा त्याच्या हातात एक करार असतो.

बाजारात उभा राहणारा शेतकरी भाव विचारतो, काटा पाहतो, हमाली आणि तोलाई किती कापली याचा हिशेब मागतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा स्वतःचे गाणे विकताना मात्र कागद न वाचता सही करतो. यात त्याचा भोळेपणा असेलही. परंतु केवळ भोळेपणावर बोट ठेवून हा प्रश्न संपत नाही. शेतमालाचा एक हंगाम बुडाला तर दुसरा येतो. गाण्यावरील हक्क एकदा कायमचा लिहून दिला, तर तो परत मिळण्याची वाट फार बिकट असते. म्हणूनच नवोदित गायकाने करार करावा की करू नये, आणि केल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार भावनेच्या आहारी न जाता व्हावयास हवा.

मेहकरची ‘शीळ’

या विचाराला शेजारच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडावे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले. योगायोग असा, की कवीप्रमाणे गायकही कायद्याचा पदवीधर होता; पुढे तो ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीतच ध्वनिमुद्रणाचा अधिकारी झाला. एका छोट्या गावातील शब्द आणि विदर्भातील एक आवाज कंपनीच्या यंत्रामुळेच महाराष्ट्रभर गेले, हे निर्विवाद आहे. कंपनी ही कलावंताची जन्मजात शत्रू असते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे.

परंतु याच उदाहरणात दुसरा धडाही आहे. गाणे एक असले तरी त्यात हक्क अनेक असतात. शब्दांवर कवीचा, चालीवर संगीतकाराचा, गायनावर गायकाचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि गायकाचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षे टिकतो. ‘शीळ’च्या त्या जुन्या तबकडीवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे, ना. घ. देशपांडे यांचे निधन २००० साली झाल्यामुळे कवितेवरील हक्क मात्र २०६० च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. यंत्राच्या आयुष्यापेक्षा शब्दाचे आयुष्य मोठे ठरले, ते असे. जो नवोदित स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि स्वतःच गातो, त्याच्या हाती तीन हक्क असतात. कंपनीचा प्रतिनिधी त्याला ‘तुमचे गाणे आम्ही घेतो’ एवढेच सांगतो. या एका वाक्यात तीनपैकी कोणते हक्क गेले, हा पहिला प्रश्न आहे आणि बहुधा तोच विचारला जात नाही.

आगाऊ रकमेचे गणित

दुसरा प्रश्न पैशाचा. ध्वनिफितींच्या काळात गायकाला एकरकमी बिदागी देऊन मोकळे होण्याची रीत सर्रास होती. फीत किती खपली याच्याशी मग त्याचा संबंध उरत नसे. आताच्या करारांत आगाऊ रक्कम आणि पुढील उत्पन्नात टक्केवारी अशी भाषा असते. ती ऐकावयास न्याय्य वाटते. परंतु खरी मेख ‘वसुली’ या कलमात असते.

समजा, कंपनीने गायकाला ५० हजार रुपये आगाऊ दिले; ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि जाहिरात यांवर दीड लाख खर्च केला आणि गायकाचा वाटा २० टक्के ठरला. हे दोन लाख रुपये ‘गायकाच्या वाट्यातून’ वसूल करावयाचे, असे कलम असेल, तर गाण्याचे उत्पन्न १० लाखांवर जाईपर्यंत गायकाला नवा एक रुपयाही मिळणार नाही. कारण १० लाखांचे २० टक्के म्हणजे दोन लाख. तोवर कंपनीचा सर्व खर्च भरून निघून तिच्याकडे आठ लाख शिल्लक असतील आणि गायकाच्या पदरात ते पहिले ५० हजारच. याउलट खर्च ‘एकूण उत्पन्नातून’ आधी वजा करावयाचा, असे लिहिले असेल, तर उरलेल्या आठ लाखांचे २० टक्के, म्हणजे एक लाख ६० हजार रुपये, गायकाला आगाऊ रकमेखेरीज मिळतील. टक्केवारी तीच, खर्च तोच, उत्पन्नही तेच. केवळ दोन शब्दांच्या फरकाने एका कुटुंबाच्या वर्षाच्या बेगमीचा प्रश्न सुटतो किंवा अडतो. टक्क्यांच्या आकड्यावर घासाघीस करणाऱ्या गायकाने आधी हे दोन शब्द पाहावेत.

अर्थात कंपनीची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दहा नव्या गायकांवर पैसा लावला तरी त्यातील किती चालतील याची शाश्वती कोणालाच नसते. बुडालेल्या गाण्यांचा खर्च चाललेल्या गाण्यातून काढणे हा त्या धंद्याचा स्वभाव आहे. जोखीम घेणाऱ्याने नफा मागितला तर त्यात अन्याय नाही. अन्याय आहे तो मुदतीला सीमा नसण्यात. तीन वर्षांची जोखीम घेणाऱ्याने साठ वर्षांचे उत्पन्न का मागावे, याचे समर्थन सहजासहजी करता येत नाही.

कायद्याने काय दिले?

हा वाद आजचा नाही. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी लता मंगेशकर यांनी गायकालाही स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत निराळे होते. ठरलेले मानधन मिळाल्यावर गायकाचा संबंध संपतो, असे ते मानीत. या मतभेदापायी हे दोन थोर गायक काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीतावरील हक्कांच्या खटल्यात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. तथापि त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थान नाही, या उणिवेकडे लक्ष वेधले. ही उणीव १९९४ च्या दुरुस्तीने काहीशी आणि २०१२ च्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी दूर झाली. २१ जून २०१२ रोजी ही दुसरी दुरुस्ती अमलात आली, तेव्हा रफी यांना जाऊन जवळजवळ ३२ वर्षे झाली होती. कलावंताच्या साध्या मागणीला कायद्याच्या पोथीत जागा मिळण्यास अर्धे शतक लागले.

आज कायदा काय सांगतो? गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतील समान वाटा मिळण्याचा अधिकार त्यांना सोडून देता येत नाही. तसे कलम असल्यास ते निरर्थक ठरते. गायकालाही सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा अधिकार मान्य झाला आहे. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवे. तोंडी होकाराने हक्क जात नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला, हे करारात लिहिलेच पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो गायकाकडे परत येतो. करार झाला त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाचा हक्कही कंपनीला मिळत नाही.

यातील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. कायदा गायकाचे रक्षण करतो ते करारातील मोकळ्या जागांत. आणि या मोकळ्या जागा भरूनच करार त्याच्यापुढे ठेवलेला असतो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे शब्द तेथे एकदा छापले गेले, की पाच वर्षांचे आणि भारतापुरते हे संरक्षण उरत नाही. म्हणून नवोदिताने पैशाच्या आधी हे दोन शब्द खोडून तेथे वर्षांचा आकडा मागावा. हक्क कायमचा विकण्याऐवजी ठराविक मुदतीचा परवाना देता येतो, हेही त्याने लक्षात ठेवावे. शेत विकणे आणि शेत बटाईने देणे यांतील भेद गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तेच गाणे पुन्हा स्वतः ध्वनिमुद्रित करण्यास किती वर्षे बंदी आहे, हेही पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील गायिका टेलर स्विफ्ट हिच्या पहिल्या सहा संग्रहांची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध विकली गेली. गाण्यांचे लेखन तिचे स्वतःचे असल्याने २०२१ पासून तिने ती नव्याने गाऊन प्रसिद्ध केली आणि अखेर २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतली. तिच्यापाशी संपत्ती होती, वकील होते आणि जगभर श्रोते होते. मंगरूळपीर तालुक्यातील गायकापाशी यातील काहीच नसते. त्याची सुटका सहीनंतर नव्हे, सहीपूर्वीच होऊ शकते.

करार वाचणार कोण?

करार नाकारून स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा मार्ग आज मोकळा आहे. गायकाने स्वखर्चाने, स्वतःच्या जबाबदारीवर ध्वनिमुद्रण करून घेतले, तर कायद्याच्या दृष्टीने निर्माता तोच ठरतो आणि ते गाणे महाजालावर ठेवण्यास त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते. परंतु हा मार्ग सर्वांना मानवेल असे नाही. जाहिरात, हिशेब, गाण्याची चोरी झाल्यास तक्रार, ही सर्व कामे गाणाऱ्यालाच करावी लागतात. परंपरेने चालत आलेल्या भजनावर किंवा लोकगीतावर एखाद्याने आपल्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे हक्क सांगितला, तर एकट्या गायकाने त्याच्याशी झुंजावे कसे? ज्याला श्रोता अजून मिळालेला नाही, त्याने अल्प मुदतीचा आणि एक-दोन गाण्यांपुरता करार करणे वावगे नाही. ज्याला श्रोता मिळाला आहे, त्याने मात्र पुढची सर्व गाणी बांधून देण्याची घाई करू नये. कारण कंपनी त्याच्या दारी आली आहे ती त्याच श्रोत्यासाठी.

खरी उणीव कायद्याची नाही, तो वाचून दाखविणाऱ्याची आहे. करार बहुधा इंग्रजीत असतो, सहीसाठी घाई केलेली असते आणि विचारावे असे कोणी जवळ नसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात विनामूल्य विधी साहाय्याची व्यवस्था आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तर उत्पन्नाची अट न लावता ते मिळण्याचा अधिकार आहे. भीमगीते गाणाऱ्या आणि भजने म्हणणाऱ्या कितीतरी कलावंतांना हा अधिकार लागू होतो. परंतु जिल्हा न्यायालयाची पायरी खटल्यासाठी चढावयाची असते, करार वाचून घेण्यासाठी नव्हे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ती बदलावयास हवी. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून आणि गायकांसाठी २०१३ पासून रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था आहेत. त्यांचे सभासदत्व घेण्याची माहितीही गावपातळीवर पोहोचलेली नाही.

हे काम सरकारी आदेशाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हा आवाज प्रथम ऐकला गेला, तेथील शिक्षकाने, ज्याला कागदाचा सराव आहे अशा कारकुनाने, कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एक संध्याकाळ काढून तो करार गायकाला मराठीत समजावून सांगितला, तर पुष्कळसे नुकसान टळेल. गायक अठरा वर्षांखालील असेल, तर त्याने स्वतः केलेला करार कायद्याने करारच ठरत नाही, एवढे जरी त्यांनी पालकांच्या कानावर घातले, तरी घाईच्या अनेक सह्या थांबतील. चांगल्या कंपनीला अशा वाचनाची भीती वाटण्याचे कारण नाही. जी कंपनी आठ दिवसांचा अवधीही देत नाही, तिने आपल्या कराराविषयी सांगावयाचे ते सर्व त्या घाईतच सांगितलेले असते.