कचरा कोणता, हे कोण ठरवणार?

मैत्रिणींनो, आपली पत्रं मोठ्या कंपन्यांच्या हाती नकोत म्हणून आपण स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. मग स्पॅम थोपवायला चाळणी बसवली आणि ‘ते तांत्रिक काम’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. परिणाम काय? नवऱ्याची मारहाण, लैंगिक छळ यांबद्दल लिहिणाऱ्या एका बाईचं पत्र आमच्या केंद्रात नऊ दिवस स्पॅमच्या कप्प्यात पडून होतं!

चाळणी तटस्थ नसते. स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला गुण देतं. मूळ मांडणीत 5 गुण झाले की पत्र स्पॅम. पण ते स्वतः काही फेकत नाही, फक्त शिक्का मारतं. शिक्क्याचं पत्र गुपचूप नष्ट करायचं की वेगळं ठेवायचं, हे सर्व्हर चालवणारे ठरवतात. म्हणजे आपणच! त्यातली शब्दांवरून शिकणारी बेझियन पद्धत तर किमान 200 स्पॅम आणि 200 चांगली पत्रं दाखवल्याशिवाय कामालाच लागत नाही. ती चांगली पत्रं कोण निवडणार? आपली मराठी, आपल्या बायकांचे शब्द तिला कोण शिकवणार?

म्हणून आग्रह धरा: एकही पत्र परस्पर नष्ट होणार नाही. स्पॅमचा कप्पा रोज एक कार्यकर्ती पाहील. चुकून अडकलेलं पत्र ‘चांगलं’ म्हणून चाळणीला शिकवलं जाईल.

बाईचं म्हणणं क्षुल्लक ठरवून बाजूला सारणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं भांडलो. आता तेच आपल्या यंत्राकडून होऊ द्यायचं?