थंडीची लाट आणि लहान गावे

मराठवाड्यात आपत्ती म्हटली की दुष्काळ आणि गारपीट एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. थंडी ही हुरड्याची आणि शेकोटीची सोबतीण. तिचे भय कसले, असा आपला समज. २०१८ च्या डिसेंबरने तो खोटा ठरविला. २९ डिसेंबर रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशावरून येणाऱ्या वाऱ्यांनी मराठवाड्यालाही गारठविले.

घरी रजई असणाऱ्यास हा वर्तमानपत्रातील आकडा वाटतो. मुदखेडच्या फुलमळ्यांत मात्र पहाटेच्या दहिवरात हात घालून फुले तोडावी लागतात. जंक्शनवर रात्रीच्या गाडीसाठी खोळंबलेल्या गरिबाला फलाटाची फरशी हेच अंथरूण होते. आपत्तींच्या सरकारी यादीत थंडीची लाट समाविष्ट आहे, हे खरे. परंतु रात्रनिवाऱ्याचा सरकारी दंडक लाख शहरी लोकसंख्येमागे एक असा आहे. त्या हिशोबात मुदखेडसारखी गावे बसतच नाहीत. थंडी काही खानेसुमारी पाहून पडत नाही!

म्हणून आमची सूचना साधी आहे. थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच नगरपरिषदेने एखादी शाळा रात्रीपुरती उघडावी आणि सरपण व घोंगड्यांची तजवीज ठेवावी. रेल्वेने तिकिटाचा वर्ग न विचारता प्रतीक्षालयात आसरा द्यावा. यासाठी कोट्यवधींची योजना नको. किल्ली कोणाकडे आहे, एवढे मात्र थंडी येण्यापूर्वीच ठरले पाहिजे.